कार्यपातळी

सॉफ्टवेअर आधी खोली मागतं.
लांबी सात मीटर, रुंदी साडेचार,
उंची अडीचच्या किंचित वर.
मग विचारतं, उजेड किती परत येतो?
मी न बघता भरते: छत सत्तर टक्के,
भिंती पन्नास, फरशी वीस.
सगळे हेच भरतात.

शीतलामाता बाजारात, शेरवान्यांच्या दुकानाखाली
एक तळघर आहे. पिपाडा शेठ म्हणाले,
"मॅडम, दिवसासारखं करून टाका."
दिवसासारखं म्हणजे किती लक्स?
यादीत पाहिलं. शिवणकाम, साडेसातशे.
त्याच्याच खाली रफू, दीड हजार.
यादी करणाऱ्याला रफू ठाऊक होतं
याचं मला उगाच बरं वाटलं.

चौकोनी पॅनेलं मांडली, चारच्या तीन रांगा.
बटण दाबलं.
ठिपके मोजले गेले, रंग पसरले,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा उजेड,
हिरवी खूण.
चित्रातली खोली अशी, की तिथे
कधी कुणी शिंकलंसुद्धा नसेल.

लॅपटॉप घेऊन खाली उतरले.

वसीउल्लाह जमिनीवर बसले होते,
एक गुडघा वर, गुडघ्यावर काळा जोधपुरी.
आतल्या शिवणीतून त्याच कोटाचा धागा
उपसून घेत होते.
डावीकडे, कानाच्या उंचीला,
तुपाच्या डब्याचा पत्रा वाकवून केलेल्या टोपीत एक बल्ब.
बाकी तळघर अंधुक. इस्त्रीच्या वाफेनं
आणि पंचवीस वर्षांच्या पाठींनी
भिंती काळवंडलेल्या.

त्यांनी स्क्रीन अदबीनं बघितला.
"अच्छा है," म्हणाले. "पण सावली कुठे गेली?"

सावली घालवायचेच तर पैसे घेते मी,
असं म्हणणार होते.
त्यांनी बल्ब विझवला,
माझ्याच मोबाइलची बॅटरी
कोटावर सरळ वरून धरायला लावली.
कोट धड होता. काळा, अखंड, निरपराध.
मग बल्ब लावला,
आणि कसरीनं खाल्लेलं भोक
काठासकट उभं राहिलं.
"वरून काय," ते म्हणाले,
"सगळेच कोट धड दिसतात."

रात्री पलासियाच्या ऑफिसात पुन्हा फाईल उघडली.
कार्यपातळी: पाऊण मीटर.
मी ती कधीच बदलली नव्हती.
ती टेबलाची उंची आहे, आणि त्या तळघरात
टेबल एकच, त्यावर पाण्याचा माठ.
तीस सेंटिमीटर लिहिलं.
भिंतींना पन्नासाऐवजी अठ्ठावीस.
हिरवं सगळं निळं होत गेलं,
आणि मी आठ पॅनेलं पुसून टाकली.

सहा जणांना सहा छोटे दिवे,
डावीकडे, कानाशी.
तिसऱ्या जागेवरची नजमा डावखुरी,
तिचा उजवीकडे.
कोण कुठल्या हाताने टाका घालतं
हे लिहायला त्यात रकाना नाही,
म्हणून दिव्याच्या नावातच लिहिलं:
नजमा, उजवा.

लाल फुली आली. प्रकाश समान नाही.
शेऱ्यात मी टाइप केलं:
माहीत आहे.

शेठना पॅनेलं कमी झाल्याचा आनंद झाला,
कारण त्यांनी विचारलं नाही.

मंगळवारी दिवे बसले.
वायरमन फाल्गुननं टेप लावून उंची मोजली,
माझ्या नकाशाबरहुकूम, मिलिमीटरपर्यंत.
तो शिडी घडी करत होता तेवढ्यात
नजमानं हात लांब करून
आपला दिवा दोन बोटं खाली ओढला
आणि सुईत धागा ओवला, एका झटक्यात.

फाईलमध्ये तो अजून
जुन्याच उंचीवर आहे.